सोलापुरात पुनर्वसन केंद्र चालवताना: कोणती नोंदणी कशासाठी, काय बदलले आणि कागद कसे लावावेत

फिजिओथेरपीचे क्लिनिक, दिव्यांग मुलांचा उपचार वर्ग, व्यसनमुक्ती केंद्र, वस्त्यांत फिरणारे आरोग्य पथक, यांपैकी काहीही चालवणाऱ्यांची अडचण बहुधा सारखीच असते. कागद असतात, पण दुसऱ्याच कामाचे. गुमास्ता परवाना (दुकान-आस्थापनेची नोंदणी) फ्रेम करून भिंतीवर लावलेला असतो आणि तोच दवाखान्याचा परवाना समजला जातो. धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे न्यास नोंदलेला असतो, म्हणून निवासी केंद्र चालवायलाही परवानगी आहे असे विश्वस्त मानतात. न्यासाची नोंदणी संस्थेला अस्तित्व देते. उपचार करण्याचा, माणसे ठेवून घेण्याचा किंवा उपकरणे विकण्याचा अधिकार तिच्यातून येत नाही.

त्यामुळे नवा नियम आल्याचा मेसेज ग्रुपवर पडला की ‘हे आपल्याला लागू आहे का’ याचे उत्तर कुणालाच देता येत नाही. ते मिळवण्याची रीत पुढे दिली आहे.

पायरी १: कामाची फोड करा

एका कागदावर चार रकाने आखा: सेवा कोणती, ती कोण देतो, कुठे दिली जाते आणि रुग्ण रात्री मुक्काम करतो का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

समजा, शहरातल्या जुळे सोलापूर भागात एक केंद्र आहे. सकाळी फिजिओथेरपी, दुपारी मुलांची स्पीच थेरपी, शनिवारी कुंभारीच्या विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) तपासणी शिबिर आणि मागच्या खोलीत पक्षाघाताच्या रुग्णांसाठी सहा खाटा. पाटी एकच असली तरी कायद्याच्या नजरेत ही चार वेगळी कामे आहेत. पहिल्या दोन्हींत माणसांची नोंदणी तपासली जाईल, तिसऱ्यात हद्द आणि कचरा, चौथ्यात नर्सिंग होम कायदा. त्या सहा खाटांवर बौद्धिक दिव्यांग मुले राहू लागली, तर आणखी वेगळा कायदा लागतो.

हद्दही याच कागदावर लिहून टाका. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येते. शहराला खेटून असले म्हणून तिथल्या कामाला महापालिकेच्या आरोग्य विभागाचा कागद चालत नाही. शंका असेल तर जागेची घरपट्टी कोण घेते ते पावतीवर पाहा. महापालिका घेत असेल तर अर्ज महापालिकेकडे, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका घेत असेल तर जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज बहुतेक वेळा फेटाळला जात नाही, नुसता पडून राहतो. ते जास्त वाईट.

पायरी २: आधी माणसे, मग जागा

बहुतेक संस्था जागेच्या परवान्यापासून सुरुवात करतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. जागेच्या अर्जाला कर्मचाऱ्यांची नोंदणी प्रमाणपत्रे जोडावी लागतात आणि त्यांतले एखादे मुदतबाह्य निघाले की पूर्ण प्रस्ताव परत येतो.

फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी राज्यात २००२ च्या कायद्याखाली स्थापन झालेली ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषद आहे. तिथल्या नोंदणीशिवाय महाराष्ट्रात व्यवसाय करता येत नाही. पदवी दुसऱ्या राज्यातली असली तरी इथली नोंदणी लागते. सोलापुरात हा मुद्दा वारंवार येतो, कारण विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडे शिकून आलेले थेरपिस्ट इथे बरेच.

याच्या वर आता केंद्राचा कायदा आला आहे: राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१. त्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट असून फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे त्यांतले दोन स्वतंत्र गट आहेत. सामुदायिक आरोग्याचे काम करणाऱ्यांनी ‘कम्युनिटी केअर’ हा गट नीट वाचावा. वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, समुपदेशक, उपशामक सेवेतील कर्मचारी अशी पदे तिथे आहेत. आजवर ही माणसे कुठल्याच परिषदेत मोडत नव्हती. हा बदल मोठा आहे आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष गेले आहे.

या कायद्यातली तासांची अट पाठ असू द्या. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’साठी किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांत पूर्ण होणारे पदवी शिक्षण लागते. ‘अलाइड’ गटासाठी किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत. सहा महिन्यांच्या ‘फिजिओ असिस्टंट’ प्रमाणपत्रावर कुणाला स्वतंत्रपणे रुग्ण पाहायला बसवले असेल तर ते आजच थांबवा. मदतनीस म्हणून ठेवायला हरकत नाही, मात्र नेमणूक पत्रात ‘मदतनीस’ असेच लिहा आणि उपचार-नोंदीवर सही नोंदणीकृत थेरपिस्टचीच घ्या. नेमणूक पत्र आता तसेही सर्वांना द्यावे लागते, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ते सक्तीचे आहे.

स्पीच थेरपिस्ट व ऑडिओलॉजिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट (कृत्रिम अवयव व आधारसाधने बसवणारे) यांचा रस्ता वेगळा. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असते आणि त्यांना सीआरआर क्रमांक मिळतो. त्याशिवाय काम केल्यास या परिषदेच्या १९९२ च्या कायद्याच्या कलम १३ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून हसू येईल, पण खरा फटका अनुदानाच्या वेळी बसतो. कर्मचाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव, शाखा आणि वैधता पाहा आणि त्या पानाची प्रिंट तारखेसह फाइलला लावा. नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाचे गुण लागतात. मुदत संपायच्या महिन्यात ते जमवायला निघाले की जमत नाहीत.

सायकॉलॉजिस्टच्या बाबतीत घोळ ठरलेला. एम.ए. मानसशास्त्र केलेली व्यक्ती ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावू शकत नाही. त्या नावासाठी पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंद लागते.

पाटीवर ‘डॉ.’ लावावे की नाही, हा वाद थेरपिस्ट मंडळींत चांगलाच पेटला आहे. फिजिओथेरपीच्या २०२५ च्या अभ्यासक्रमात वर सांगितलेल्या राष्ट्रीय आयोगाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पीटी’ अशी मुभा दिली. ९ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ती काढण्याचे पत्र दिले आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतले. व्यवहारात उपाय सोपा आहे: नावाइतक्याच ठळक अक्षरांत ‘फिजिओथेरपिस्ट’ आणि खाली नोंदणी क्रमांक. रुग्णाला आपण एमबीबीएस डॉक्टरकडे आलो आहोत असे वाटता कामा नये, एवढे सांभाळले की पाटीवरून तक्रार उभी राहत नाही.

पायरी ३: रात्रीचा मुक्काम असेल तर

खाटा ठेवून उपचार होत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, त्यामुळे इंटरनेटवर दिसणारी त्या कायद्याची तपासणी यादी इथे लावत बसू नका. नोंदणीची मुदत तीन वर्षांची. जानेवारी २०२१ मध्ये नियम सुधारले गेले आणि तेव्हापासून रुग्ण हक्क सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आणि तक्रार निवारणाची सोय ठेवणे बंधनकारक झाले. सनद लावलेली असते, पण कपाटाच्या मागे किंवा फक्त इंग्रजीत. मराठीत लावा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड प्रतही शेजारी ठेवा.

दिव्यांग व्यक्तींना सांभाळणारी, शिकवणारी, पुनर्वसन करणारी संस्था असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५० पाहा. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, मग मुक्काम असो वा नसो. अर्जावर ९० दिवसांत निर्णय व्हायला हवा आणि मिळालेले प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याण हा स्वतंत्र विभाग झाला, तरी जुन्या फाइलींवर अजून ‘सामाजिक न्याय विभाग’ असाच पत्ता असतो. नव्या प्रस्तावावर विभागाचे नाव बरोबर घाला आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. ९० दिवस त्या पोचेवरून मोजायचे आहेत. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुन्हा झाल्यास पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे.

व्यसनमुक्ती केंद्रांचा गैरसमज जास्त महागात पडतो. ‘आम्ही औषध देत नाही, फक्त समुपदेशन करतो’ हे कारण चालत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. अशा व्यक्तींना दाखल करून ठेवणारे केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले हवे. अर्ज पूर्ण असेल तर तात्पुरती नोंदणी दहा दिवसांत द्यायची असून ती १२ महिने चालते. नोंदणीविना चालवल्यास पहिला दंड पाच ते पन्नास हजार, दुसरा दोन लाखांपर्यंत, त्यापुढे पाच लाखांपर्यंत. रुग्णाला साखळीने बांधण्यावर याच कायद्याच्या कलम ९५ ने सरळ बंदी आहे. नातेवाइकांनी लेखी संमती दिली तरी ती बंदी उठत नाही.

काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले निवासी असतील तर बाल न्याय कायद्याखालील कलम ४१ ची नोंदणीही तपासा. आणि मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला पॉक्सोचे (बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम १९ समजावून सांगा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणे हे कायदेशीर कर्तव्य आहे. संस्थाचालकांनी ‘आधी आपण बैठक घेऊ’ म्हणणे हाच गुन्हा ठरू शकतो.

पायरी ४: जैववैद्यकीय कचरा

‘आमच्याकडे सुई नसते, आम्हाला हे लागू नाही’ असे फिजिओ क्लिनिकवाले सांगतात. ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचून उपचार) करत असाल, जखमेच्या रुग्णाला हाताळत असाल किंवा कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या रुग्णांचे कॅथेटर बदलत असाल, तर जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू आहेत. शिबिरांनाही लागू आहेत. अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन, फॉर्म २ मध्ये. खाटा नसलेल्या केंद्राला प्राधिकारपत्र एकदाच घ्यावे लागते. खाटा असतील तर मात्र त्याची मुदत मंडळाच्या संमतीपत्राबरोबर चालते आणि नूतनीकरण लागते. एकदाच मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. मागील कॅलेंडर वर्षाचा वार्षिक अहवाल फॉर्म ४ मध्ये दरवर्षी ३० जूनपर्यंत जायला हवा. खंड पडतो तो इथेच.

वर्गवारीत पुनर्वसन केंद्राला लागणाऱ्या गोष्टी अशा. रक्त-पू लागलेला कापूस, ड्रेसिंग आणि मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत. हातमोजे, कॅथेटर, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. लघवीची पिशवी आधी रिकामी करा, नाहीतर गाडीवाला उचलत नाही. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. अल्ट्रासाउंडचे जेल पुसलेला टिश्यू आणि चिकटपणा गेलेले इलेक्ट्रोड पॅड, त्यांना रक्त किंवा स्राव लागलेला नसेल तर, साध्या कचऱ्यात. सगळेच पिवळ्यात टाकण्याची सवय लागली की वजन वाढते, बिल वाढते आणि अहवालातले आकडे विचित्र दिसतात.

हा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शनिवारी सकाळी गाडी येऊन गेली, शनिवारी दुपारी ड्रेसिंग झाले आणि सोमवारी गाडी संध्याकाळी आली, तर मुदत ओलांडली. कचरा नेणाऱ्या सामुदायिक प्रक्रिया केंद्राशी करार करताना शनिवारची संध्याकाळची फेरी लिहून घ्या. पिशवीवर बारकोड हवा. कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस दिल्याची नोंदही तपासणीत मागतात. या नोंदी पाच वर्षे जपा.

आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पाय चोळून देणारी, फोडांना मलमपट्टी करणारी शिबिरे लागतात. फोड फोडायला वापरलेल्या सुया शेतकडेला पडलेल्या दिसतात, ते शिबिर ठरवताना कचऱ्याचा विचार न झाल्यामुळे. किमान दोन पांढरे डबे, दोन रंगांच्या पिशव्या, आणि परतीच्या वाटेवर त्या कुठले नोंदणीकृत रुग्णालय स्वीकारणार याचे पत्र, एवढे निघण्याआधी हातात हवे. घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या पथकानेही सुया रुग्णाच्या घरी न ठेवता डब्यातून परत आणाव्यात.

पायरी ५: रुग्णाचे दिव्यांग प्रमाणपत्र

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने दिव्यांग हक्क नियम सुधारले. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) आता तीन रंगांत येते: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० च्या आत पिवळे, ८० व त्यापुढे निळे. प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. अर्जासोबत आधार आणि सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो.

पांढरे कार्ड मिळाल्यावर कुटुंब योजनेच्या आशेने येते आणि निराश होते. बहुतेक लाभांना ४० टक्क्यांची अट आहे, हे अर्ज भरून देतानाच सांगा. मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वेही मार्च २०२४ मध्ये बदलली आहेत, त्यामुळे जुन्या टक्केवारीवरून ‘तुम्हाला इतके टक्के मिळतील’ असा भरवसा देऊ नका. रुग्णाला टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे पाठवताना आपल्या उपचार-नोंदीचा गोषवारा सोबत द्या: निदान, सुरुवातीची तारीख, सांध्यांच्या हालचालीची मोजमापे, वापरात असलेली उपकरणे. टक्केवारी आपण लिहायची नाही. तो अधिकार वैद्यकीय प्राधिकरणाचा.

साधनांसाठी केंद्राच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण साहाय्य मिळते, ३०,००० पर्यंत निम्मे. विडी आणि यंत्रमाग कामगारांची बहुसंख्य कुटुंबे पहिल्या गटात बसतील. अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. तो शिबिराच्या आधी काढून ठेवायला सांगा.

पायरी ६: संमती आणि माहितीची जपणूक

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. वेळ आहे, पण पुनर्वसन केंद्रांनी तयारी आत्ताच करावी असे एक कारण आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागेल, आणि पुरेशी मदत मिळूनही स्वतः कायदेशीर निर्णय घेऊ न शकणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालकाची. इथे अडेल. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्याकडची १७ वर्षांवरील मुले कोणती त्याची यादी काढा आणि त्यांच्या घरच्यांना अर्ज भरून द्या. पुढे हाच कागद बँकेतही लागतो.

रोजच्या सवयींत दोन बदल पुरेसे आहेत. मुलांचे उपचाराचे व्हिडिओ थेरपिस्टच्या खासगी फोनवर आणि पालकांच्या सामाईक व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणे बंद करा. आणि संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत वाचून दाखवा; तेलुगू किंवा कन्नडमधून समजावले असेल तर कुणी समजावले त्याचे नाव आणि सही त्यावर असू द्या. देणगीसाठी फोटो वापरायचा असेल तर त्याची संमती वेगळी घ्या, उपचाराच्या संमतीत गुंडाळू नका.

पायरी ७: उतार, विक्री, कर

राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला दिव्यांग हक्क नियमांतला सुगम्यतेचा नियम १५(१) रद्द ठरवला, कारण तो नुसत्या शिफारशीसारखा होता. सक्तीचे किमान निकष करा, असे केंद्राला सांगितले. त्यामुळे दारातल्या उताराचे (रॅम्पचे) माप आता चालढकल करण्याजोगे नाही. प्रमाण १:१२. दारात १५० मिमीच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५० मिमी होते आणि उतार ५.४ मीटर लांब लागतो. रुंदी किमान १,२०० मिमी, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्यांवर टाकलेली लोखंडी फळी म्हणजे रॅम्प नव्हे. तिच्यावरून व्हीलचेअर मागे घसरते.

क्लिनिकमधून कमरेचे पट्टे, स्प्लिंट, टेन्स मशिन (दुखणे कमी करणारे विजेचे यंत्र) विकत असाल तर वैद्यकीय उपकरण नियमांतली विक्री नोंदणी लागते: अर्ज एमडी-४१, प्रमाणपत्र एमडी-४२, कार्यालय अन्न व औषध प्रशासनाचे. ठेवण्याची योग्य जागा आणि सक्षम तांत्रिक व्यक्ती या तिच्या अटी. खरेदीची बिले बॅच क्रमांकासह जपा.

उपचाराच्या शुल्कावर सहसा जीएसटी नाही, विक्रीवर आहे. एकाच पावतीत दोन्ही घालू नका. न्यासांसाठी एक चांगली गोष्ट: उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२५ नंतरच्या अर्जांवर आयकराची न्यासांसाठीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यात १२एबी) पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळते.

पायरी ८: बदल टिपण्याची वही

पहिल्या पायरीतला कागद जाड वहीत उतरवा. एका पानावर एक नोंदणी: क्रमांक, देणारे कार्यालय, मुदत, नूतनीकरण कधी सुरू करायचे आणि कोण करणार. नूतनीकरणाची तारीख मुदतीच्या १२० दिवस आधीची धरा. व्हॉट्सअॅपवर नियम आला की त्यात राजपत्र किंवा शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख आहे का पाहा. नसेल तर शोधा, सापडेपर्यंत काहीही बदलू नका. सापडला की मसुदा आहे की अंतिम, आणि ‘अमलात येण्याची तारीख’ कोणती, हे पाहून त्या नोंदणीच्या पानावर पेन्सिलने लिहा. ३१ मार्चला राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विम्याचे वर्ष संपते आणि ३० जूनला कचऱ्याचा वार्षिक अहवाल जातो. या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने, आणि त्यांच्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव. ‘ऑफिस’ असे लिहू नका.